तवा उजेडाला धरून

जांभळी नाक्यावर भांड्यांच्या दुकानात
बाबा तिसरा तवा परत करतात.
दुकानदार म्हणतो, काका, पाच थरांचा आहे,
ग्रॅनाइट फिनिश, पाच वर्षं बघायला नको.
बाबा तवा पालथा करतात, खिशातली सहा इंची पट्टी
बुडावर आडवी लावतात
आणि पट्टीच्या दोन्ही टोकांखालून येणारा उजेड
त्याला दाखवतात.
"पोट सुटलंय याचं. शेगडीवर गिरक्या घेईल,
तेल कडेला पळेल."
मग दांडीचे स्क्रू. मग कड, बोट फिरवून.
मग तवा ट्यूबलाइटकडे तिरका, एक डोळा मिटून,
जसा वागळे इस्टेटमध्ये एकवीस वर्षं धरला,
पाळीला नऊशे.

मला घणसोलीत भाड्याची खोली मिळालीय,
मैत्रिणीबरोबर. एक ओटा, एक खिडकी.
आई बिडाचा तवा देत होती. मी नको म्हटलं.
त्याला रोज हात लागतो, तेल, अर्धा कांदा, धीर,
आणि मला साडेसातला निघायचं असतं.
आई काही बोलली नाही.
तवा परत फळीवर ठेवताना
जरा जोरात ठेवला, इतकंच.

लहानपणी मला वाटायचं, बाबा तवे गुळगुळीत करतात.
एकदा डबा द्यायला गेले तेव्हा बघितलं,
आधी खरवडतात.
बारीक वाळूचा मारा, कोरं अॅल्युमिनियम
खरचटलेल्या गुडघ्यासारखं होईतो.
"नाहीतर लेप धरणार कशाला?"
बाबा मशीनच्या वर आवाज काढून ओरडले.
"ज्याला काही चिकटू नये,
त्याला आधी हा चिकटायला हवा ना!"
आणि डबा उघडून म्हणाले,
आज पण दोडका?

चौथा तवा घेतला. तलावपाळीच्या कठड्यावर
तो मांडीवर घेऊन बाबा सांगत राहिले.
रिकामा तापवायचा नाही.
फोन वाजला तर आधी गॅस बंद, मग हॅलो.
तापलेल्यावर नळ सोडू नकोस, दचकतो तो.
उलथणं लाकडी. तारेची घासणी घरातच आणायची नाही.
एकात एक ठेवलीस भांडी, तर मध्ये जुनं फडकं.
आणि स्वयंपाकघरात पक्षी पाळू नकोस.

बाबा, मी पक्षी कशाला पाळीन?

सांगून ठेवलेलं बरं.
किसननगरला शेजारच्या गावंडांकडे
ओट्याच्या वर लव्हबर्ड्सचा पिंजरा होता.
करपलेल्या लेपाचा धूर त्यांना सोसत नाही,
म्हणून बाबा पाळीवरून आले की हातपाय न धुता
आधी तो पिंजरा गॅलरीत नेऊन टांगत.
गावंडकाकू हसायच्या, संध्याकाळी परत आत आणायच्या.
दोन वर्षं हे चाललं.
कोणीच माघार घेतली नाही. पक्षी जगले.

अकरा महिने मी सगळं पाळलं.
मग एका रविवारी श्रावस्तीने, फोनवर भावाशी भांडता भांडता,
अंडं उलटलं
स्टीलच्या चमच्याने.
करंगळीएवढा ओरखडा. आत चांदी दिसावी तसा.

बाबा येणार होते म्हणून मी तवा
खालच्या कप्प्यात, डाळीच्या डब्यांमागे सरकवला.
पाण्याचा ग्लास शोधताना त्यांनी तोच काढला.
खिडकीशी नेला. तिरका केला.
मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून
कुठला डोळा मिटायचा ते जरा विसरतात,
दोन्ही मिटून बघितले.

"किती?"
"अकरा महिने."
"आमच्या लॉटमधला असता तर..."
वाक्य तिथेच सोडलं त्यांनी.
त्या गाळ्यात आता जिम आहे.

मग म्हणाले, स्वयंपाकाला नको आता.
कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेव,
खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी जाणार नाही.
दांडी तेवढी अडते ग्रिलला. थांब.

चहा होईतो त्यांनी
सुरीच्या टोकाने दांडीचे दोन्ही स्क्रू सोडवले,
शर्टाला पुसले,
आणि पट्टीशेजारी खिशात टाकले.
पुढच्याला लागतील.